पीडीएफ रीडरचा सँडबॉक्स आडवा येतो तेव्हा: संरक्षण न काढता बिघाड कसा शोधावा

चवथीच्या आधीच्या आठवड्यात शेजारच्या एका शेतकऱ्याला एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्याची छापील प्रत हवी होती, म्हणून मी त्यांच्यासोबत डिचोलीच्या बाजारातील एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. उतारा डाउनलोड झाला आणि उघडलाही, पण वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी आली आणि प्रिंटचे चिन्ह पुसट झाले. दुकानातील मुलाने अगदी सवयीने सेटिंग उघडले, सुरक्षेच्या पानावरील दोन खुणा काढून टाकल्या, रीडर बंद करून पुन्हा उघडला आणि प्रत हातात दिली. "सगळ्यांना असेच करून द्यावे लागते, काका, नाहीतर काहीच चालत नाही," असे तो म्हणाला. त्या संगणकाला दिवसभरात अनोळखी माणसांचे कितीतरी पेनड्राइव्ह लागतात. काम झाले ही गोष्ट खरी. पण त्या उताऱ्यासाठी दोनपैकी एकही खूण काढण्याची गरज नव्हती. त्या मुलाला मी जे अर्ध्या तासात दाखवले, ते संगणकावर नव्याने काम करू लागलेल्या सर्वांसाठी येथे सविस्तर लिहीत आहे. उदाहरणादाखल अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट रीडर आणि विंडोज घेतले आहे, कारण सरकारी कागदपत्रे आणि डिजिटल स्वाक्षऱ्या यांसाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हीच जोडी वापरली जाते.

सँडबॉक्स म्हणजे नेमके काय

आपल्या जुन्या घरांत अनोळखी पाहुणा आला तर त्याला ओसरीवरच्या सोप्यावर बसवण्याची रीत आहे. पाणी, चहा, बसायला पाट हे सर्व घरातील माणूस आतून आणून देतो. पाहुणा स्वतः उठून देवघरात किंवा कोठीच्या खोलीत जात नाही. सँडबॉक्सची रचना नेमकी अशीच आहे. रीडर सुरू झाला की त्याच्या दोन प्रक्रिया चालू होतात. पीडीएफ फाईल वाचून पडद्यावर उभी करणारी प्रक्रिया अत्यंत कमी अधिकारांत चालते आणि तिला तुमच्या फोल्डरांत, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) किंवा इतर प्रोग्रॅममध्ये हात घालता येत नाही. तिला काही लिहायचे, छापायचे किंवा बाहेरचे काही मागवायचे असेल, तर ती दुसऱ्या प्रक्रियेकडे, म्हणजे ब्रोकरकडे, विनंती करते. ब्रोकर ठरलेल्या नियमांनुसार ती विनंती मान्य करतो किंवा नाकारतो. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तर रीडरच्या एकाच नावाच्या किमान दोन प्रक्रिया दिसतात, त्या याच.

अ‍ॅडोबीने ही व्यवस्था 'प्रोटेक्टेड मोड' या नावाने नोव्हेंबर २०१० मध्ये रीडरच्या दहाव्या आवृत्तीत विंडोजसाठी आणली. त्याआधीची काही वर्षे पीडीएफ फाईल हा संगणकात घुसण्याचा हल्लेखोरांचा आवडता मार्ग होता. फाईल उघडताच तिच्यात दडवलेला कोड वापरकर्त्याच्या पूर्ण अधिकारांनी चालत असे. पुढे २०१२ च्या अकराव्या आवृत्तीत 'प्रोटेक्टेड व्ह्यू' हे त्याहून कडक दुसरे कुंपण रीडरमध्ये आले, ज्यात फाईल फक्त वाचता येते. भरणे, छापणे, जतन करणे, स्वाक्षरी करणे यांपैकी बहुतेक सर्व गोष्टी बंद असतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये हल्लेखोरांनी प्रोटेक्टेड मोडचा सँडबॉक्स भेदल्याचे उघड झाले, तेव्हा दुरुस्ती येईपर्यंत हा प्रोटेक्टेड व्ह्यू चालू करा, असाच सल्ला अ‍ॅडोबीने दिला होता. या दोन्ही नावांत लोकांची हमखास गल्लत होते आणि बहुतेक चुकीचे उपाय त्या गल्लतीतूनच येतात, म्हणून हा फरक आधी पक्का करावा.

पहिली पायरी: नेमके काय अडते आहे ते ओळखणे

कोणत्याही सेटिंगला हात लावण्याआधी पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा मोबाइलने त्याचा फोटो काढावा. अडचणीचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिल्यात रीडर सुरूच होत नाही, रिकामी खिडकी दाखवून बंद पडतो, किंवा तुमच्या संगणकाच्या रचनेशी जुळत नसल्यामुळे प्रोटेक्टेड मोडमध्ये उघडता येत नाही, असा संदेश देतो. दुसऱ्यात फाईल उघडते, पण पिवळी पट्टी येते आणि बटणे पुसट होतात. हा प्रोटेक्टेड व्ह्यू. तिसऱ्यात बाकी सारे व्यवस्थित चालते आणि एखादे विशिष्ट कामच अडते, जसे टोकन (डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र असलेले यूएसबी उपकरण) लावून स्वाक्षरी करणे किंवा कार्यालयातील सामायिक फोल्डरमधील फाईल उघडणे.

काही तक्रारींचा सँडबॉक्सशी काहीही संबंध नसतो, तरी दोष त्याच्यावर जातो. ई-आधारची फाईल उघडत नसेल तर ती पासवर्ड मागत असते. तो आठ अक्षरांचा असतो, आधारवरील नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि पुढे जन्मवर्ष. डिजिटल स्वाक्षरीवर प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर ती स्वाक्षरी ज्या प्रमाणपत्राच्या साखळीतून आली आहे तिच्यावर विश्वास ठेवण्याची सूचना तुमच्या रीडरला अजून मिळालेली नाही, इतकाच त्याचा अर्थ असतो. एखादा अर्ज ब्राउझरमध्ये उघडल्यावर 'प्लीज वेट' एवढेच दाखवून थांबत असेल, तर तो एक्सएफए पद्धतीचा, म्हणजे ब्राउझरला सहसा न दाखवता येणारा भरण्याजोगा अर्ज आहे. तो डाउनलोड करून अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्येच उघडावा लागतो. आणि जुन्या मराठी फाइलींत अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हे दिसत असतील, तर युनिकोड ही सर्व भाषांची सामायिक अक्षरपद्धत रूढ होण्याआधीच्या काळातील फॉन्ट त्या फाईलमध्ये अंतर्भूत केलेला नाही, हे त्याचे कारण असते. संरक्षण बंद करून यांपैकी एकही अडचण सुटत नाही.

दुसरी पायरी: सध्याची स्थिती पाहणे

कोणतीही फाईल उघडून 'फाईल' मेनूतील 'प्रॉपर्टीज' आणि त्यातील 'अ‍ॅडव्हान्स्ड' हा टॅब पाहावा. तेथे प्रोटेक्टेड मोड चालू आहे की बंद, हे लिहिलेले असते. वर सांगितलेला न जुळण्याचा संदेश येतो तेव्हा त्यात 'नेहमीच प्रोटेक्टेड मोडविना उघडा' असाही पर्याय असतो. घाईत कुणी एकदा तो निवडला की संदेश पुन्हा कधीच येत नाही, रीडर मुकाट्याने उघडतो आणि संगणक वर्षानुवर्षे संरक्षणाविना राहतो. दुकानांतील आणि कार्यालयांतील अनेक संगणकांवर मला हेच आढळले आहे.

सेटिंगचे पान उघडण्यासाठी कंट्रोल ही कळ दाबून धरून 'के' दाबावे; रीडरची रचना जुनी असो वा नवी, हा मार्ग चालतो. डावीकडच्या यादीत 'सिक्युरिटी' आणि 'एन्हान्स्ड' असे दोन्ही शब्द असलेला विभाग निवडावा. सर्वांत वर प्रोटेक्टेड मोडची खूण असते, तिच्याजवळ अ‍ॅपकंटेनर (विंडोजचे आणखी एक कुंपण) आणि लॉग फाईल (रीडरने काय नाकारले याची नोंद) यांच्या खुणा, त्याखाली प्रोटेक्टेड व्ह्यूचे तीन पर्याय, आणि त्याखाली विश्वासू जागांची यादी. या पानाचा एक फोटो आत्ताच काढून ठेवावा, म्हणजे शेवटी सारे मूळपदावर आणता येते. खुणा पुसट असतील आणि बदलता येत नसतील, तर कार्यालयाच्या संगणक-व्यवस्थापकाने त्या धोरणाने कुलूपबंद केलेल्या आहेत. तेथे थांबून त्यांच्याशीच बोलावे. रजिस्ट्रीत शिरून ते कुलूप तोडण्याची युक्ती कुणी सांगितली तरी ती करू नये.

तिसरी पायरी: साधी कारणे आधी

रीडर सुरूच होत नसेल तर आधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे अर्धवट स्थापना. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि रीडरचे अद्ययावतीकरण चालू असताना ती गेली की काही फायली नव्या, काही जुन्या अशी अवस्था होते. 'हेल्प' मेनूतील 'रिपेअर इन्स्टॉलेशन' हा पर्याय चालवावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग त्याच मेनूतून नवी आवृत्ती आहे का ते तपासावे. रीडर उघडतच नसेल तर हीच दुरुस्ती विंडोजच्या प्रोग्रॅमांच्या यादीतून करता येते.

दुसरी गोष्ट कुणाच्या सहसा लक्षात येत नाही. रीडरच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' आणि त्यातील 'कम्पॅटिबिलिटी' हा टॅब उघडावा. जुन्या विंडोजप्रमाणे चालवा किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, यांपैकी कोणतीही खूण तेथे असेल तर ती काढावी. कधी काळी दुसऱ्याच अडचणीवर उपाय म्हणून कुणीतरी ती केलेली असते आणि कमी अधिकारांत चालण्यासाठी बांधलेली व्यवस्था त्यामुळे अडखळते. खालच्या 'सर्व वापरकर्त्यांसाठी' या बटणामागेही तीच खूण दडलेली असू शकते, म्हणून तेही उघडून पाहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे विंडोजचे वय. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये. जुन्या विंडोजवर नवा रीडर किंवा नव्या विंडोजवर दहा वर्षांपूर्वीचा रीडर ठेवून त्यांची सांगड घालत बसण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

चौथी पायरी: पाच मिनिटांची चाचणी

दोष खरोखर सँडबॉक्सचा आहे का, हे ठरवण्यासाठी तो थोडा वेळ बंद करून पाहणे योग्यच आहे. फक्त ही चाचणी आहे आणि उपाय नाही, हे पक्के लक्षात असावे. इंटरनेटची जोडणी काढावी. स्वतः तयार केलेली एखादी साधी पीडीएफ निवडावी. अनोळखी फाईल या चाचणीसाठी कधीच वापरू नये. प्रोटेक्टेड मोडची खूण काढून रीडर पूर्ण बंद करावा, पुन्हा उघडावा आणि अडलेले काम करून पाहावे. मग निकाल काहीही असो, ती खूण तत्काळ परत करावी आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये मोड चालू झाल्याची खात्री करावी.

संरक्षण बंद असतानाही अडचण तशीच राहिली, तर दोष दुसरीकडे आहे आणि सँडबॉक्सच्या मागे लागण्याचे कारण उरले नाही. अडचण नाहीशी झाली, तर आता एवढेच कळले की कोणती तरी वस्तू ब्रोकरच्या नियमांत बसत नाही. ती वस्तू कोणती, हा खरा शोध येथून सुरू होतो. अ‍ॅपकंटेनरची खूण असेल तर आधी फक्त तीच काढून पाहावी. तेवढ्याने भागत असेल तर तिच्याविना का होईना, पण प्रोटेक्टेड मोड चालू राहतो.

न जुळणारी वस्तू शोधताना पहिला संशय अँटिव्हायरसवर घ्यावा. अनेक सुरक्षा-प्रोग्रॅम, पडद्याची चित्रफीत घेणारी साधने आणि भाषांतराची किंवा शब्दकोशाची जोड-साधने चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आपला एक तुकडा घुसवतात. कमी अधिकारांच्या प्रक्रियेत तो तुकडा नीट बसत नाही आणि रीडर रिकामी खिडकी दाखवून कोसळतो. अशा वेळी आधी अँटिव्हायरस अद्ययावत करावा. मग संशयित साधनांपैकी एका वेळी एकच बंद करून रीडर उघडावा. दोन बदल एकदम केले की कोणत्या बदलाने फरक पडला ते कळत नाही आणि शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

पिवळी पट्टी: घाई न करता

आता त्या उताऱ्याकडे वळू. इंटरनेटवरून आलेल्या फाईलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवते: ही बाहेरून आली आहे. प्रोटेक्टेड व्ह्यू 'संभाव्य असुरक्षित ठिकाणच्या फायली' या पर्यायावर असेल तर रीडर ती खूण वाचून पिवळी पट्टी दाखवतो. फाईल तुम्ही स्वतः सरकारी संकेतस्थळावरून आत्ताच उतरवली असेल, तर पट्टीवरील 'एनेबल ऑल फीचर्स' हे बटण दाबणे पुरेसे आहे. एका टिचकीत त्याच फाईलपुरती सर्व बटणे जिवंत होतात आणि संरक्षण जागच्या जागी राहते. बटण दाबण्याआधी फाईल पूर्ण वाचता येते, हाच त्या पट्टीचा मोठा फायदा आहे; नाव, सर्व्हे क्रमांक, तालुका पाहून घ्यावा आणि मगच दाबावे.

रोज तशाच फायली येणाऱ्या कार्यालयाने एक वेगळे फोल्डर करावे आणि विश्वासू जागांच्या यादीत 'अ‍ॅड फोल्डर पाथ' वापरून फक्त तेवढेच नोंदवावे. खात्री केलेली फाईल हाताने उचलून त्या फोल्डरात ठेवावी. 'डाउनलोड्स' हे फोल्डर किंवा संपूर्ण डी ड्राइव्ह तेथे नोंदवण्याचा मोह होतो. तसे केल्यास येणारी प्रत्येक वस्तू आपोआप विश्वासू ठरते आणि यादीला अर्थ उरत नाही.

एक गोष्ट मला विशेष कळकळीने सांगायची आहे. बहुतेक पेनड्राइव्हवरील फाइलपद्धतीत ती अदृश्य खूण टिकत नाही. म्हणून पेनड्राइव्हवरून आलेल्या फाईलला बहुधा पिवळी पट्टी येत नाही, आणि पट्टी नाही म्हणून माणूस तिला निर्धोक समजतो. झेरॉक्सच्या दुकानात तर अशाच फायली सर्वाधिक येतात. अशा ठिकाणी प्रोटेक्टेड व्ह्यूचा 'सर्व फायली' हा पर्याय निवडावा. प्रत्येक प्रिंटसाठी एक टिचकी वाढते खरी, पण फाईल न पाहता आत घेण्याची सवय सुटते.

कार्यालयातील सामायिक फोल्डर

पाच-सहा संगणकांच्या लहान कार्यालयात एका संगणकावरील फोल्डर सर्वांना वाटलेले असते आणि पुष्कळदा ते संगणकाच्या नावाऐवजी आकड्यांच्या आयपी पत्त्याने जोडलेले असते. आकड्यांच्या पत्त्याला विंडोज सर्वसाधारणपणे बाहेरच्या इंटरनेटच्या वर्गात धरते, तर साध्या नावाला स्थानिक जाळ्याच्या वर्गात. त्यामुळे शेजारच्या टेबलावरील फाईलसुद्धा परकी ठरते. फोल्डर नावाने पुन्हा जोडून पाहावे. बऱ्याच वेळा तेवढ्याने काम होते. दूरस्थ सर्व्हरवरून प्रोग्रॅम चालवणाऱ्या किंवा 'डॉक्युमेंट्स'सारखी फोल्डरे जाळ्यावर हलवलेल्या मोठ्या कार्यालयांत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असतो. तेथे फाईल आधी स्वतःच्या डिस्कवर उतरवून उघडून पाहावी. ती तेथे चालली तर दोष जागेचा आहे, फाईलचा किंवा रीडरचा नाही.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन

सर्वाधिक वेळ खाणारी अडचण हीच. म्हापशातील एका कर सल्लागारांच्या कार्यालयात मी एक संपूर्ण दुपार यात घालवली आहे. टोकन यूएसबीला लावलेले, त्यावरचा लहान दिवा लुकलुकतो आहे, टोकनच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये प्रमाणपत्र दिसते आहे, आणि रीडरमध्ये स्वाक्षरीसाठी चौकट ओढली की यादी मात्र रिकामी. प्रोटेक्टेड मोड बंद केला की प्रमाणपत्र लगेच हजर. तेथील मंडळींनी म्हणूनच तो कायमचा बंद ठेवला होता, आणि तोही ज्या संगणकावरून पक्षकारांच्या नावाने विवरणपत्रे जातात त्याच संगणकावर.

कारण टोकनच्या ड्रायव्हरमध्ये होते. स्वाक्षरी करताना रीडरला टोकन-उत्पादकाने दिलेल्या सॉफ्टवेअरशी बोलावे लागते. ते सॉफ्टवेअर जुने असले की सँडबॉक्सच्या आतून मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या संगणकावर एकाच टोकनच्या ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्या होत्या, एक जुन्या टोकनच्या वेळची आणि एक नंतरची. आम्ही दोन्ही काढल्या, संगणक पुन्हा सुरू केला, उत्पादकाच्या संकेतस्थळावरील नवीनतम ड्रायव्हर टोकन न लावता बसवला, आणि मग टोकन लावले. प्रोटेक्टेड मोड चालू असतानाच यादीत प्रमाणपत्र दिसले.

हाच क्रम इतरांनीही पाळावा. मात्र आधी विंडोजच्या प्रमाणपत्रांच्या साठ्यात तुमचे प्रमाणपत्र दिसते का ते पाहावे. 'रन'च्या चौकटीत 'सर्टएमजीआर डॉट एमएससी' हे इंग्रजीत टंकून तो साठा उघडतो. तेथेच ते नसेल, तर रीडरकडे पाहण्यात अर्थ नाही. नवा ड्रायव्हर बसवूनही अडले आणि मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर प्रोटेक्टेड मोड काढून, फक्त ती एक फाईल उघडून, स्वाक्षरी करून लगेच मोड पूर्ववत करावा आणि उत्पादकाकडे तक्रार नोंदवावी. टोकन काम संपताच काढून ठेवावे.

लॉग आणि अपवादांची यादी

येथपर्यंतच्या उपायांनी बहुतेकांचे काम होते. पुढचा भाग संगणक सांभाळणाऱ्यांसाठी आहे. सेटिंगच्या त्याच पानावर लॉग फाईल तयार करण्याची खूण आहे. ती करून रीडर पुन्हा सुरू करावा, अडणारे काम एकदाच करावे आणि लॉग उघडावा. ब्रोकरने कोणती फाईल, कोणती रजिस्ट्रीची नोंद किंवा कोणती प्रक्रिया नाकारली, हे त्यात दिसते. काम अडले त्या क्षणाच्या नोंदी पाहाव्यात. नाकारलेली प्रत्येक गोष्ट दोष नसते, कित्येक नकार रोजचेच आणि निरुपद्रवी असतात.

दोषी जागा सापडली की प्रोग्रॅमच्या फोल्डरात अपवादांची एक साधी मजकूर-फाईल ठेवून आणि रजिस्ट्रीतील धोरणाने ती लागू करून तेवढ्याच जागेला परवानगी देता येते. प्रत्येक ओळीत एक नियम असतो: आधी परवानगीचा प्रकार, मग बरोबरचे चिन्ह, मग मार्ग. फायलींसाठी, रजिस्ट्रीसाठी, इतर प्रोग्रॅम चालवण्यासाठी वेगवेगळे प्रकार आहेत. मार्गाच्या शेवटी तारांकन दिले की आतील सर्व काही खुले होते, म्हणून मार्ग शक्य तितका लांब आणि नेमका लिहावा. एका लेखा-प्रोग्रॅमच्या एका फोल्डरासाठी संपूर्ण सी ड्राइव्ह खुला करणे म्हणजे ओसरीवरच्या पाहुण्याच्या हाती कोठीच्या खोलीची किल्ली देणे होय. प्रोग्रॅम चालवण्याची परवानगी देणारा नियम तर अगदी शेवटचा मार्ग म्हणून, आणि कुणाला तरी लेखी कळवूनच, वापरावा.

लिनक्सवर काम करणाऱ्यांनी

फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या पद्धतीने बसवलेल्या रीडरलाही सँडबॉक्स असतो, पण तो प्रोग्रॅमने नव्हे, त्या पद्धतीने घातलेला असतो. तेथे नेहमीची तक्रार म्हणजे पेनड्राइव्हवरील किंवा दुसऱ्या डिस्कवरील फाईल दिसत नाही. फ्लॅटपॅकसाठी 'फ्लॅटसील' या साधनातून नेमक्या त्याच फोल्डराची परवानगी देता येते, आणि स्नॅपसाठी सॉफ्टवेअर-केंद्रातील परवानग्यांच्या यादीत काढता येण्याजोग्या साठवणुकीचा पर्याय चालू करावा लागतो.

काम संपल्यावर

सुरुवातीला काढलेला सेटिंगचा फोटो समोर ठेवून प्रत्येक खूण पुन्हा तपासावी, लॉगची खूण काढावी आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये प्रोटेक्टेड मोड चालू दिसतो का ते पाहावे. केलेला बदल आणि त्याचे कारण तारखेसह एका वहीत किंवा संगणकावरच्या फाईलमध्ये लिहावे: कोणते फोल्डर विश्वासू केले, कोणता ड्रायव्हर बसवला, रीडरची आवृत्ती कोणती होती. अँटिव्हायरस किंवा टोकनच्या उत्पादकाला तक्रार पाठवायची असेल तर याच नोंदी, संदेशाचा फोटो आणि लॉगमधील त्या दोन-तीन ओळी सोबत जोडाव्यात. डिचोलीच्या त्या दुकानात आता संगणकाशेजारी अशी एक वही आहे आणि तिच्या पहिल्या पानावर त्या मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: प्रोटेक्टेड मोड चालू, व्ह्यू सर्व फायलींना, प्रिंटआधी गिऱ्हाइकाला फाईल दाखवणे.